भिंतीवरचं ‘दी’

बोलगातांगाच्या, म्हणजे आमच्या बोलगा शहराच्या, इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात शिरणाऱ्या बाईला नाव-गाव विचारायच्या आधी एक प्रश्न विचारला जाई, “खाल्लंस का?” तो विचारणारी नर्स म्हणजे माझी भावजय आयिंपोका. रिकाम्या पोटी गोळ्या देता येत नाहीत हे खरंच, पण ती तेवढ्यावर थांबायची नाही. बाई मोसी असो, दगोंबा असो, नवऱ्याच्या बदलीपायी दक्षिणेकडून आलेली अशांती असो, आयिंपोका तिला तिच्याच भाषेत विचारायची. ती भाषा येत नसली तर कळा देणाऱ्या त्या बाईलाच धरायची. “बाई गं, तुमच्यात ‘खा’ला काय म्हणतात?”

“मी मरतेय इथं, आणि तुला शब्द सुचतायत?” एकजण किंचाळली होती.

“मरत नाहीस. मूल झालं की तू घरी जाशील, मग मी कुणाला विचारू? सांग आणि कळ दे.”

त्या बाईनं सांगितलं आणि कळ दिली. मुलगी झाली.

मी आयिंपोकाच्या नवऱ्याची, अकोलगोची, बहीण. माझा नवरा गेल्यावर भावाच्या घरी परत आले आणि अंगणात बसून टोपल्या विणू लागले. आमच्यात नवऱ्याच्या बहिणीलाही नवराच म्हणतात, म्हणजे घरात आयिंपोकाला दोन नवरे. “थोरला बोलत नाही आणि धाकटा गप्प बसत नाही,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मीही नवरेपणा सोडत नसे. ती ड्यूटीवरून आली की म्हणायची, “नवरोबा, पाणी द्या.” मी म्हणायची, “बायको कमावून आली म्हणजे माजली का?” आणि पाणी द्यायची.

तिच्या त्या प्रश्नामागं काय होतं ते घरातल्यांनाच ठाऊक होतं. तिचं माहेर बोंगो गावचं. तिचा बाप गिनी कोंबड्यांचा व्यापारी. एका दुष्काळाच्या वर्षी पश्चिमेला काळ्या व्होल्टा नदीच्या काठच्या बाजारात गेला आणि बाजरीच्या बदल्यात एक मुलगी घेऊन आला. त्या वर्षी लोकांनी पोटच्या पोरी जगाव्यात म्हणून परक्यांच्या हाती दिल्या होत्या. त्या मुलीची भाषा बोंगोत कुणाला कळेना. तिचं नाव कुणाला नीट उच्चारता येईना, म्हणून सगळे तिला ‘नदीपलीकडची’ म्हणू लागले. तीच आयिंपोकाची आई. आयिंपोका चालायला-बोलायला शिकली आणि दुसऱ्या बाळंतपणात आई गेली.

आमच्यात बाई मेली की तिला सासरी पुरतात, पण तिचं दिवसकार्य माहेराशिवाय पुरं होत नाही. तिचा वाळवून पोकळ केलेला भोपळा, ज्यात तिनं आपल्या खास वस्तू ठेवलेल्या असतात, तो माहेरच्यांच्या हाती द्यायचा. ते तो फोडतात, तेव्हा ती बाई सुटते आणि आपल्या पूर्वजांच्या पंक्तीला जाऊन बसते. आयिंपोकाच्या आईचा भोपळा बोंगोच्या घरात आढ्याला जाळीत टांगलेला होता. धुरानं तो काळा झाला होता. माहेर कुठलं ते बापालाही सांगता येत नव्हतं. बाजार ठाऊक होता, पण त्या बाजाराला चहूकडच्या गावांतून माणसं यायची.

आईच्या बोलण्यातला एकच शब्द आयिंपोकाला आठवत होता. घास भरवताना आई म्हणायची, “दी.” तिच्या भाषेत ‘खा’.

आता आम्हीही ‘खा’ला ‘दी’च म्हणतो. बोंगोत ‘दी’, बोलगात ‘दी’. म्हणून लहानपणी आयिंपोकाला कधी वेगळं वाटलंच नाही. शब्द शोधायचं तिनं घेतलं ते नर्स झाल्यावर. नदीपलीकडच्या कुठल्या भाषेत ‘दी’ म्हणतात ते कळलं की आईची माणसं सापडतील, असा तिचा साधा हिशेब. पण विचारायला लागली तर काय! दगोंबा म्हणे ‘दी’. दगाबा म्हणे ‘दी’. मोसी जीभ वळवून ‘री’ म्हणायचे. अशांती बाई, जिच्याशी आमचं एरवी बोलण्यात काहीच जुळत नाही, ती म्हणाली ‘दी’. समुद्राकडची एवे म्हणाली ‘डू’. नायजेरियातून कापड विकायला आलेल्या दोघींपैकी योरुबा म्हणाली ‘जे’ आणि इग्बो म्हणाली ‘री’. बरं, नुसतं खाणंच नाही. यांतल्या कितीतरी भाषांत राजा गादीवर बसतो त्यालाही गादी ‘खाल्ली’ असंच म्हणतात.

प्रसूतीसाठी बायकोला घेऊन आलेल्या एका कॉलेजच्या मास्तरांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. ‘द’चा ‘र’ कसा होतो, ‘ज’ कसा होतो, आणि एका भाषेत तो बदल एका शब्दात झाला तर दुसऱ्या शब्दांतही तसाच कसा दिसतो. म्हणजे हा योगायोग नव्हे, हे सगळे शब्द एकाच पणजीच्या लेकी. “सिस्टर, हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी आईनं मुलाला हाच शब्द म्हटला असणार. तुमच्या आईचा शब्द फार मोठ्या घरातला आहे.”

आयिंपोका खूश होऊन ऐकत होती. मग हळूच म्हणाली, “म्हणजे मास्तर, त्याचा मला काहीच उपयोग नाही.”

मास्तरांची बायको पलंगावरून म्हणाली, “तुम्ही जरा माझ्याकडे बघता का?”

दुसरी कुणी असती तर तिथंच सोडून देती. आयिंपोकानं सोडलं नाही. मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच. आपलं काम होणार नाही हे कळल्यावरही त्या शब्दावरचा तिचा जीव कमी झाला नाही. उलट आता ती त्याच्यासाठीच त्याला शोधू लागली.

दर वर्षी कापणी झाली की आम्ही बायका घराच्या भिंती नव्यानं लिंपून रंगवतो. लाल मातीचा रंग, काळ्या दगडाचा काळा, खडूचा पांढरा, आणि वरून शेंगा उकळून काढलेल्या पाण्याचा हात. माझी आवडती नक्षी फुटक्या भोपळ्याच्या खापऱ्यांची. एका वर्षी आयिंपोका म्हणाली, “नवरोबा, अंगणाकडची भिंत मला द्या.” तिनं प्रत्येक भाषेला एक खापरी काढली. ‘दी’वाल्या लाल, ‘री’वाल्या काळ्या, बाकीच्या पांढऱ्या, आणि ज्यांचे शब्द जवळ त्यांच्या खापऱ्या जवळ. मध्ये एक खापरी नुसत्या रेषेची, आत रंग नाही. ती आईची. दर वर्षी पावसात भिंत धुपायची आणि दर वर्षी ती पुन्हा रंगवायची, दोन-चार खापऱ्या वाढवून. मधली तशीच रिकामी.

शेजारच्या झोंगोतली, म्हणजे हौसा बोलणाऱ्यांच्या वस्तीतली, हाजिया रकिया पिठाचे तळलेले गोळे विकायची. ती एकदा कमरेवर हात ठेवून भिंतीपुढं उभी राहिली. “माझी हौसा कुठाय?”

आयिंपोकानं दाखवलं. घराच्या मागच्या अंगाला, शेळ्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर एक एकटी खापरी.

“मला शेळ्यांत बसवलंस?”

“हाजिया, तुम्ही ‘ची’ म्हणता. तुमचं घराणंच वेगळं. पार वाळवंटापलीकडचं.”

“घराणं वेगळं असलं म्हणून काय झालं? अख्खी पेठ हौसा बोलते, आणि माझ्या शब्दाला लेंड्यांचा वास! तुझ्या बाळंतपणात गोळे कुणी पाठवले?”

“तुम्हीच पाठवले.”

“ते कसे खाल्लेस? ‘दी’ करून की ‘ची’ करून?”

“तोंडानं खाल्ले, हाजिया. पण खापरी इकडं आणता येत नाही. खोटं होईल.”

हाजिया आठवडाभर बोलली नाही. आयिंपोकानं गोठा झाडून काढला, खापरी मोठी केली, भोवती काळी वेल काढली. पण जागा बदलली नाही.

आयिंपोकाची एक सवय होती, तिच्यावरून मी तिला नेहमी चिडवायची. मुलांना भरवताना ती घास आधी मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची, मग तोंडात घालायची. तिघा मुलांना तिनं असंच वाढवलं, आता नातीलाही तसंच. “ड्यूटी संपली गं, सिस्टर,” मी म्हणायची, “घरात तरी ताप बघू नकोस.” ती म्हणायची, “गरम आहे का बघते.” पुढं पुढं आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघीही तसं करायला लागल्या. इस्पितळातली पद्धत, चांगलीच असणार.

मग एका वर्षी बोंगोहून तिचा सावत्र भाऊ अटांगा आला. आता घरचा कर्ता तोच. भला माणूस. अंगणात बसला, पाणी प्याला, अंबाडीच्या पाल्याचं कालवण वाखाणलं आणि मग मुद्द्यावर आला.

“ताई, मी ते घर पाडून नवं बांधतोय. पत्र्याचं. आढं उतरणार.”

आयिंपोकाला कळलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

“वडीलधारे म्हणतात, आता पुरे. कापणी झाली की नदीपलीकडच्या आईचा भोपळा चौरस्त्यावर ठेवायचा आणि पाठ फिरवून यायचं. ज्यांना कुणी नाही त्यांचं करतात तसं.”

“तिला कुणी नाही असं कोण म्हणतं?”

“कुणी म्हणत नाही गं. पण सापडत तर नाही. तू आयुष्यभर शोधलंस.”

“कापणीपर्यंत थांबशील?”

“कापणीपर्यंत थांबतो.”

तो गेल्यावर ती बराच वेळ भिंतीपुढं बसली. मी म्हटलं, “एवढ्या सगळ्या खापऱ्या काढल्यास, त्यांतली एक तिची असेलच की.” ती म्हणाली, “सगळ्याच तिच्या आहेत, नवरोबा. हीच तर अडचण आहे.”

इस्पितळाच्या गाडीचा ड्रायव्हर तेंगन हा दगाबा. आम्ही फ्राफ्रा आणि दगाबा म्हणजे एकमेकांचे थट्टेचे भाऊबंद. पूर्वी म्हणे दोघा भावांनी मिळून एक कुत्रं शिजवलं, डोकं कुणी गट्ट केलं यावरून भांडून वेगळे झाले, आणि आम्ही त्यांची लेकरं. तेव्हापासून दोन्हीकडचे एकमेकांना गुलाम म्हणतात, काहीही बोलतात, ताटातलं उचलून खातात, आणि रागवायची कुणाला सोय नाही. रागावलं तर सगळं गाव हसतं.

तेंगन दारातूनच ओरडायचा, “गुलामांनो, डोकं शिजलं का?”

आयिंपोका म्हणायची, “शिजलं होतं, पण तुझ्या आजोबांचा वास आला म्हणून लपवून ठेवलं.”

भोपळ्याचं ऐकल्यावर मात्र तो जरा गंभीर झाला. म्हणाला, “लावराच्या अलीकडं आमचं गाव. तिथं माझ्या चुलत चुलत्याची आई आहे, येरी आजी. लहानपणी नदीपलीकडून आलेली, त्याच दुष्काळात. पण आता तिनं अन्न सोडलंय. बोलतही नाही फारशी. बघायची असेल तर लवकर चल.”

“ती ‘खा’ला काय म्हणते?”

“काय म्हणणार? ‘दी’.”

आयिंपोका हसली. पण रजा टाकली. धाकट्या नवऱ्यानं सोबत जायला हवं, म्हणून मीही निघाले. हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ खात आम्ही तिघं त्या गावी पोचलो.

येरी आजी भिंतीच्या सावलीत चटईवर आडवी होती. चिंध्यांच्या गाठोड्याएवढी. तिची सून बाजरीचा गोळा आणि कालवणाची वाटी घेऊन शेजारी बसलेली. “सकाळपासून धरून बसलेय. तोंड उघडत नाही.”

आयिंपोका वाकली. “आजी, तुमच्या आईच्या भाषेत ‘खा’ला काय म्हणत?”

आजीनं डोळे न उघडता म्हटलं, “दी,” आणि कूस बदलली.

झालं. एवढ्यासाठी आलो होतो. तेंगननं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. आयिंपोका मात्र आता त्या म्हातारीच्या सुकलेल्या ओठांकडं बघत होती. शब्दाचं राहिलं बाजूला, तिच्यातली नर्स जागी झाली होती. ती ऐसपैस मांडी घालून बसली, सुनेच्या हातातली वाटी काढून घेतली आणि चक्क खायला लागली.

“दगाब्याच्या घरातली म्हातारी म्हणजे माझी गुलामच,” ती मोठ्यानं म्हणाली. “गुलामाला जेवण कशाला? मीच खाते. शी! मीठ नाही यात. आणि डोकं कुठाय? तेवढं काढून ठेवलंत वाटतं?”

सून तोंडावर हात धरून हसू दाबायला लागली. आयिंपोकानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मचमच आवाज केला.

एक डोळा उघडला. “कोण ही?”

“फ्राफ्रा,” तेंगन म्हणाला. “आजी, ती सगळं संपवतेय बघ.”

“हात तोडा तिचा!” आवाज खणखणीत. “माझ्या दारात येऊन माझं जेवण खाते. कुत्री खाऊन पोट भरलं नाही का गं तुझं?”

“कुत्रं तुम्ही कुठं ठेवलंत आमच्यासाठी?”

आजी उठून बसली. कुणीही आधार न देता. तिनं वाटी ओढून घेतली आणि पोटाशी धरली. “हावरट मेली. घास तरी केवढा! आई नव्हती का शिकवायला?”

आयिंपोकाचा हात थांबला. “नव्हती, आजी. लवकर गेली.”

थट्टेच्या नात्यात सगळं चालतं, पण आईवरून कुणी दुखावलं तर ते निस्तरावं लागतं. आजीनं गोळ्याचा छोटा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, आयिंपोकाचा हात ओढून पालथ्याचा उताणा केला, तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला तो घास टेकवला, आणि मग तिच्या तोंडापुढं धरला. “दी.”

मी ताडकन उठले. “पुन्हा करा, आजी.”

“काय झालं?” आयिंपोका तोंडात घास घेऊन म्हणाली.

“काय झालं म्हणून काय विचारतेस? तू करतेस ते! मनगट!”

“ते मी गरम आहे का बघते.”

“आयिंपोका, हे सकाळचं आहे. गारढोण आहे!”

तिनं आपल्या मनगटाकडं बघितलं. तिथं कालवणाचा हिरवा ठिपका होता. मग दुसऱ्या हाताकडं बघितलं, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

“आजी, असं कोण करतं?” मीच विचारलं.

“आम्ही करतो. नाडीला आधी कळवायचं, मग तोंडाला. नाहीतर मुलाच्या अंगी लागत नाही.”

“नदीपलीकडे सगळे करतात?”

“सगळे कशाला? टेकडीच्या या अंगाला आमची एवढीशी वस्ती. टेकडीपलीकडचे हसायचे आम्हाला, मनगटानं जेवणारे म्हणून.” तिनं एक घास स्वतःच्या तोंडात टाकला, मग दुसरा. “खरंच मीठ नाही गं यात,” ती सुनेला म्हणाली.

कापणी झाली आणि अटांगानं आढं उतरवलं. भोपळा मांडीवर घेऊन आयिंपोका तेंगनच्या गाडीत बसली. मी आणि अटांगा मागं. नदी ओलांडायला होडी होती. होडीवाला वरच्या अंगाहून मासे मारत आलेला कुणी परका, कुणाशी न बोलणारा. भोपळ्यावर पाणी उडू नये म्हणून आयिंपोका वाकून बसली होती.

येरी आजीनं सांगितलेली वस्ती लहान. म्हाताऱ्या मुखियानं भोपळा निरखून बघितला. मग म्हणाला, त्या दुष्काळात तीन घरांनी मुली दिल्या. येरीचा पत्ता लागलाच आहे, तेव्हा त्यांतलं तिचं घर वगळायचं. बाकी दोन घरांच्या मुलींचं पुढं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. ही कुठल्या घरची, कसं सांगणार? आयिंपोकाला आईचं नाव सांगता येत नव्हतं. अटांगानं हळूच तिच्याकडं बघितलं. चौरस्ता पुन्हा दिसायला लागला होता.

मुखियानं दोन्ही घरांच्या कर्त्यांना बोलावलं. ते बाजूला उभे राहून बोलले. फार वेळ नाही. परत आले तेव्हा दोघांनी मिळून भोपळा हातात घेतला, एकानं या बाजूनं, एकानं त्या बाजूनं. “आम्ही दोघंही हिचीच वाट बघत होतो,” त्यांतला थोरला म्हणाला. मग दोघांनी एकाच दगडावर तो फोडला. आत एक तांब्याचं कडं होतं, लहान मुलीच्या हाताचं, आणि थोडं बियाणं, किडून पीठ झालेलं. बायकांनी रडायचं ते रडून घेतलं. नाव ठाऊक नसलेल्या बाईसाठी एवढं रडता येतं हे मी पहिल्यांदाच बघितलं.

मग जेवण आलं. दोन्ही घरच्या बायकांनी आयिंपोकाला मध्ये बसवलं. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आली, तिला एका म्हातारीनं विचारलं, “खाल्लंस का?” ती नाही म्हणाली. एकीनं डावं मनगट धरलं, दुसरीनं उजवं. तिला हात हलवायलाच जागा नव्हती. ती जेवत होती आणि डोळे पुसता येत नव्हते, म्हणून ते पुसायचं काम मला करावं लागलं.

“बघा, नवरा आहे म्हणून बरं,” मी म्हटलं.

परतीलाही तोच होडीवाला होता. काठ आला. आम्ही उतरलो, चिखलातून वर चढलो, गाडीचं दार उघडलं, आणि आयिंपोका एकदम थांबली.

“अगं बाई! त्याला विचारलंच नाही.”

“कुणाला?”

ती साडेपाच फुटांची पन्नाशीतली बाई कपडे गुडघ्यापर्यंत वर धरून उतारावरून परत पळत गेली. होडी निघाली होती. “ओ दादा! तुमच्यात ‘खा’ला काय म्हणतात?” तोंडाकडं बोटं नेऊन तिनं करून दाखवलं. त्याला आधी वाटलं ही भुकेली आहे, त्यानं एक सुकी मासळी वर धरली. तिनं जोरजोरात मान हलवली. मग त्याला कळलं आणि वल्हं थांबवून त्यानं पाण्यावरून ओरडून सांगितलं.

ती धापा टाकत वर आली. चेहरा लखलखत होता.

“‘दी’?” तेंगननं विचारलं.

“छे! ‘दी’ नाही, ‘री’ नाही, काहीच नाही. कुठल्याच खापरीजवळ बसत नाही.” ती गाडीत चढली आणि पायाचा चिखल न पुसता हसत बसली. “जाऊन हाजियाला सांगते. गोठ्यात तिला शेजारीण मिळाली.”